प्रश्न तुमचे: प्रोग्रेसिव्ह प्रेस अडते तेव्हा

या खेपेची बहुतेक पत्रं एकाच यंत्राभोवती फिरतात: वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायची प्रोग्रेसिव्ह प्रेस. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या प्रेसमध्ये एका वेळी एकच काम होतं. प्रोग्रेसिव्हमध्ये गोल शेलप्लेटवर चार-पाच पुंगळ्या उभ्या असतात आणि हँडलच्या एका फेरीत प्रत्येकीवर वेगळं काम होतं. एकीतून जुना प्रायमर (बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) निघून ती मापात दाबली जाते, मग तिच्यात नवा प्रायमर बसतो, दुसरीत पावडर पडते, तिसरीवर गोळी बसते, शेवटच्या काडतुसाचं तोंड आवळलं जातं. मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत डाय-फिटिंग शिकले आणि पुढे ॲरिझोनात तेच काम केलं. या यंत्राकडे मी बंदूकवाल्यांपेक्षा फिटरच्या नजरेनं बघते. उत्तरंही त्याच नजरेनं वाचा.

ऑस्टिन, टेक्सस: पाच स्टेशनची नवी प्रेस घेतली आहे, काडतूस ९ मिमी. प्रत्येक डाय (त्या-त्या स्टेशनचं काम करणारा साचा) एकेक पुंगळी फिरवून नीट लावला. पण सगळी स्टेशनं भरली की काडतुसांची लांबी कमी-जास्त होते आणि काही प्रायमर वर राहतात. प्रेस सदोष आहे का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला प्रेसमध्ये दोष दिसत नाही. पुंगळी मापात दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो आणि तो शेलप्लेटच्या एकाच बाजूला पडतो. बाकीची स्टेशनं रिकामी असताना प्लेट एका तऱ्हेनं कलते, भरलेली असताना दुसऱ्या. म्हणून डाय जागेवर धरणारी रिंग आधी नुसती हातानं लावा. सगळी स्टेशनं भरा, हँडल पूर्ण खाली आणा आणि त्या स्थितीतच रिंगा आवळा. प्रेस टूलवर काम केलेल्या कुणालाही हे पटेल: माप बसवायचं ते भारात, रिकाम्या यंत्रावर नाही.

लांबी मोजण्याआधी पुंगळ्या बुडावरच्या शिक्क्याप्रमाणे वेगळ्या करा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या भिंती सारख्या जाड नसतात, त्यामुळे दाबायला लागणारा जोर बदलतो आणि लांबीही हलते. पाच-सात शतांश मिलिमीटरच्या फरकानं बिघडत नाही. ९ मिमीची कमाल लांबी २९.६९ मिमी आहे, पण तुमच्या गोळीसाठी काडतुसं भरण्याच्या हँडबुकात जी लांबी दिली असेल तीच धरायची. गोळी जास्त आत गेली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. कमी लांबीला लोक घाबरत नाहीत. घाबरायला हवं.

आता प्रायमर. बहुतेक प्रेसमध्ये हँडल वर नेऊन शेवटी पुढे ढकललं की तो बसतो. टेबल डुलत असेल तर तुमचा जोर टेबल खातं. टेबल भिंतीला बोल्टनं बांधा. मग शेलप्लेटचा मधला बोल्ट पाहा. प्लेट अडेल इतका आवळा, मग ती मोकळी फिरेल पण वर-खाली हलणार नाही इतकाच सैल करा आणि लॉकचा स्क्रू लावा. प्लेट हलली की प्रायमर तिरका जातो. भरलेलं काडतूस काचेवर उभं करा. डुललं तर प्रायमर वर आहे, ते बाजूला काढा. असा प्रायमर बंदुकीच्या पिनच्या पहिल्या ठोक्याला पेटतोच असं नाही, कारण ठोका त्याला खाली बसवण्यातच जातो. काही स्वयंचलित बंदुकांमध्ये उलटं होतं: स्लाइड बंद होतानाच बार उडतो.

शेवटच्या डायनं तोंड किती आवळायचं हेही पाहून घ्या. ९ मिमीची पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, तोंडाच्या कडेवर टेकते, त्यामुळे तोंडाची फाकलेली कड सरळ होण्यापुरतंच आवळा. पिस्तुलाची नळी काढून काडतूस तिच्यात सोडा. टक्कन बसलं, बोटानं मोकळं फिरलं आणि नळी उलटी करताच आपोआप बाहेर आलं, म्हणजे काम झालं.

कोलंबस, ओहायो: शेलप्लेटवर पावडरचे कण सांडतात. शिवाय घरात लहान मूल असल्यामुळे मधूनच उठावं लागतं. परत आल्यावर कुठल्या स्टेशनपासून सुरू करावं?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कुठल्याच नाही. पावडर पडलेल्या आणि पडायच्या सगळ्या पुंगळ्या प्लेटवरून काढा, पावडर मापकात परत ओता आणि रिकाम्या प्लेटनं सुरुवात करा. शेवटची फेरी पूर्ण झाली होती की अर्धी, हे आठवायचा प्रयत्नही करू नका. पिस्तुलाच्या जलद पावडरी पुंगळीचा थोडासाच भाग भरतात. दोनदा पडली तरी ती मावते, वर गोळीही आरामात बसते आणि हँडलला काहीच कळत नाही. अशा काडतुसानं पिस्तूल हातात फुटतं. एकदाही पडली नाही तर नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथंच अडकते. आवाज फुसका येतो. त्यामागून दुसरी गोळी झाडली की नळी फाटते. रेंजवर आवाज बारीक वाटला तर लगेच थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून सळई घालून पाहा. सोबत्यांनाही सांगून ठेवा.

प्रेसच्या चौकटीत एक छोटा एलईडी दिवा लावा आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावा. पावडर तपासणारा डाय घेतलात तर उत्तमच, पण तो मोठी चूक पकडतो, बारीक नाही. डोळ्याची जागा तो घेत नाही. हँडबुकात तुमच्या गोळीसाठी जास्त जागा व्यापणारी पावडर दिलेली असेल तर तीच निवडा. दोनदा पडली की ती तोंडावरून ओसंडते आणि चूक आपोआप दिसते.

सांडण्याचं कारण बहुतेक वेळा झटका असतो. आपोआप फिरणारी प्लेट शेवटी टक्कन खाचेत बसते आणि पावडर उडी मारते. हँडलच्या हालचालीचं ते शेवटचं टोक हळू घ्या. प्लेटखालच्या छर्‍याची स्प्रिंग थोडी हलकी केली तरी फरक पडतो. पावडर मापकाच्या प्लॅस्टिकला चिकटत असेल तर ती स्थिर वीज आहे. कपड्यांच्या ड्रायरमध्ये घालतात ते कापड आतून फिरवा. तोलताना पंखा बंद ठेवा, फोन लांब ठेवा आणि काटा आधी प्रमाण वजनानं तपासा. मापक सुरू केल्यावर पहिली काही मापं परत ओता, मग दहा मापं एकत्र तोलून दहानं भागा. एका मापाच्या वजनावर मी कधी विश्वास ठेवत नाही. टेबलावर एका वेळी एकच पावडर असू द्या आणि उठताना मापक रिकामं करून ती तिच्या मूळ डब्यात घाला. उद्या मापकात काय आहे हे ओळखण्याची वेळ यायला नको.

मुलाचा उल्लेख केलात म्हणून आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. झाडलेल्या पुंगळ्या कोरड्या टम्बलरमध्ये (घोळून साफ करायच्या यंत्रात) घोळल्या की त्या धुळीतून शिसं हवेत जातं. लहान मुलांसाठी थोडंसं शिसंही वाईट. पुंगळ्या पाण्यात धुवा, किंवा टम्बलर गॅरेजबाहेर चालवा आणि मूल जवळ येऊ देऊ नका. हे काम स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर अजिबात नको. काम झालं की साबणानं हात धुवा आणि कपडे बदलूनच बाळाला उचला.

टक्सन, ॲरिझोना: .४५ एसीपी काडतूस भरताना अधूनमधून प्रायमर चिरडला जातो. बाकी सगळं नीट आहे.

.४५ एसीपीच्या पुंगळ्या दोन प्रकारच्या मिळतात, मोठ्या प्रायमरच्या आणि छोट्या प्रायमरच्या. बाहेरून अगदी सारख्या. ढिगात छोटीच्या खळग्यात मोठा प्रायमर दाबला की तो चिरडतो. पुंगळ्या आधीच बूड बघून वेगळ्या करा. लष्करी पुंगळी असेल तर खळग्याची कड मुद्दाम आवळलेली असते, ती स्वेजरनं (कड दाबून पसरवणाऱ्या हत्यारानं) मोकळी करावी लागते. आणि हँडल जड लागलं तर जोर लावू नका. प्रायमरच्या नळीवर दाब देणं म्हणजे स्फोटकांच्या रांगेवर दाब देणं. चष्मा नेहमी घाला.

डॅलसजवळून: मी एच-वन या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आहे. मित्राच्या गॅरेजमध्ये बसून त्याला भरायला मदत करू शकतो का? तो काडतुसं मलाही देईन म्हणतो.

आधी वकिलाला विचारा. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला साधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागत नाही. मित्रालाही सांगा: स्वतःसाठी भरायला संघराज्य परवाना लागत नाही, पण विकायला सुरुवात केली की तो उत्पादक ठरतो आणि त्याला परवाना काढावा लागतो. एवढ्याशा हौसेपायी व्हिसा धोक्यात घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती.

कोल्हापूर: मुलगी ५० मीटर रायफल नेमबाजी करते. गोळ्यांचा खर्च झेपत नाही. अमेरिकेतून अशी प्रेस मागवली तर?

नको, आणि कारणं दोन आहेत. ५० मीटरला लागतं ते .२२ रिमफायर काडतूस. त्यात वेगळा प्रायमर नसतो. स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि पिन ती कड चेपते. त्यामुळे ही प्रेस त्याच्या कामाची नाही. दुसरं, भारतात विनापरवाना काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, सगळे तुमच्याच जिल्ह्यातले. तुमच्या मुलीनं त्याच वाटेवर पाऊल ठेवलंय आणि तुम्ही खर्चाची चिंता करत तिच्यामागे उभे आहात, हे वाचून फार बरं वाटलं. पैसे वाचवायचे तर रोजच्या सरावातला मोठा भाग गोळी न झाडता करा: बंदूक रिकामी आहे हे तपासून फक्त स्थिती, श्वास आणि ट्रिगर. सरावाला स्वस्त गोळी चालते. स्पर्धेसाठी मात्र एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या गोळ्यांचा एक लॉट) थोड्या थोड्या गोळ्या तिच्याच रायफलमधून, रायफल टेकवून झाडून पाहा. ज्या लॉटचा गट सगळ्यात आवळ येईल, त्याच लॉटची पेटी घ्या. प्रशिक्षकांना विचारा, क्लबमध्ये आणखी कुणी घेणार असेल तर एकत्र मागणी केल्यावर एकच लॉट मिळणं सोपं जातं.