नंबर काढण्याआधी महिना विचार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आता नेत्रतपासणीच्या खुर्चीसमोर तू एकटी बसणार, म्हणून हे लिहिते आहे. गरोदर बाई येऊन म्हणाली, "अंधुक दिसतंय, नंबर वाढलाय वाटतं," तर ट्रायल फ्रेमला, म्हणजे नंबर काढायच्या चौकटीला, हात लावण्याआधी दोन गोष्टी विचार: कितवा महिना आणि शेवटचं बीपी किती? तिचं माता व बाल संरक्षण कार्डच मागून घे, नोंदी त्यात असतात.

बहुतेकींचं कारण साधं असतं. अंगात पाणी साठतं तसं कॉर्नियातही, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागातही, साठतं. तो किंचित जाड होतो, वक्रता बदलते आणि नंबर थोडा मायनसकडे सरकतो. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो बहुधा मूळपदावर येतो, म्हणून महागडा चष्मा करायला लावू नकोस. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपास. रोजचं काम अडत असेल तर साधी काच घालून दे आणि ती तात्पुरती आहे हे स्पष्ट सांग. कॉन्टॅक्ट लेन्स टोचत असेल तर चष्म्यावर राहू दे. नंबर घालवायच्या लेसरचा विषय अंगावरचं दूध थांबून नंबर स्थिर होईपर्यंत काढायचाच नाही.

पण विसाव्या आठवड्यानंतर कुणी म्हणाली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, काळे डाग दिसतात, मधेच अंधारी येते, तर नंबर बाजूला ठेव. पाच मिनिटं शांत बसव, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि बीपी घे. 140/90 किंवा वर असेल तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञाकडे. 160/110 असेल, किंवा डोकं ठणकतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर 108 बोलव. हे प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारं धोक्याचं दुखणं, असू शकतं; पुढची पायरी झटक्यांची. बीपी ठीक आलं तरी अशी तक्रार असलेल्या बाईला नुसतं घरी पाठवायचं नाही.

या दुखण्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, बारीक रक्तवाहिन्या आकसतात; कधी पडद्याखाली पाणी साठून तो सुटतो. बीपी आटोक्यात येऊन बाळंतपण झालं की तो सहसा शस्त्रक्रियेविना बसतो. कधी मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते. तेव्हा बाईला काही दिसत नाही, पण टॉर्च मारला की बाहुल्या व्यवस्थित आकसतात. पडदाही स्वच्छ दिसतो. अशा वेळी "नाटक करतेय" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. डोळा चांगला आहे, दुखणं मेंदूत आहे, आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात.

मधुमेहाचं विचारताना "कधीपासून?" हे विसरू नकोस. गरोदरपणात निघालेल्या साखरेने पडदा सहसा बिघडत नाही. साखर वरखाली झाली की नंबर मात्र हलतो. आधीपासूनच मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच हवी, आणि दोष सापडला तर पुढेही वरचेवर. साखर झपाट्याने खाली आणली की रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने झालेला पडद्याचा बिघाड, काही काळ वाढू शकते. त्यासाठी साखर मोकळी सोडायची नसते, तपासण्या जवळजवळ घ्यायच्या असतात.

बाहुली मोठी करायचे थेंब गरज असेल तेव्हाच. एकच थेंब टाक, डोळा मिटायला सांग आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धर. औषध नाकावाटे रक्तात कमी जातं. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर तिने ते मनाने बंद करू नयेत आणि मनाने चालूही ठेवू नयेत. डॉक्टरांकडे पाठव, काही बदलावे लागतात.

सासू हमखास विचारेल, "नंबर मोठा आहे, मग सिझरच करायचं ना?" नुसत्या मोठ्या मायनस नंबरासाठी सिझर लागत नाही, हे तिला ठामपणे सांग.

आणि मांडीवर बाळ घेऊन आलेली बाई सुटली असं समजू नकोस. प्री-एक्लॅम्पसिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही उद्भवू शकतं. माहेरी आलेल्या ओल्या बाळंतिणीचं बीपी बरेचदा कुणी मोजलेलंच नसतं. तिचं तू मोज.

तुझी,
बाई