त्यांना खुर्चीतून उठू द्या

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी माझ्यासमोरच कोसळले. गुठळी होऊन अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, म्हणून फिजिओथेरपी बंद केली. मुलगा म्हणतो, बाबांना रोज चालव. पण धाप लागून बीपी वाढलं आणि पुन्हा अटॅक आला तर? मी त्यांना उठूच देत नाही. यावरून मायलेकांत रोज वाद होतात.
– एक वाचक, मिरज

ताई,

डोळ्यांदेखत माणूस कोसळलेला पाहिल्यावर त्याला जराशी धाप लागली तरी पोटात गोळा येणारच. पण या वादात मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे.

व्यायाम लुळ्या हातापायांसाठी असतो असं आपण धरून चालतो, म्हणून माणूस चालू लागला की फिजिओ बंद होतो. दुखणं मात्र रक्तवाहिन्यांचं असतं आणि ते चालता येऊ लागल्यावरही राहतं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. आपण चालतो तेव्हा रक्ताचा वेग वाढतो, ते अस्तराला घासून जातं आणि त्यामुळे तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याने वाहिनी सैलावते, रक्तातल्या बिंबिका, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट्स, एकमेकींना सहजी चिकटत नाहीत. नायट्रिक ऑक्साइडचं हे काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. दिवसभर बसून राहिलं की हे सगळं मंदावतं, आणि लुळ्या पायात तर रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो.

तुमची बीपीची शंका रास्त आहे. चालताना ते वाढतं, पण नियमित चालणाऱ्याचं एरवीचं बीपी काही आठवड्यांत उतरू लागतं. पुन्हा झटका येऊ नये म्हणून डॉक्टर ज्या बीपीवर एवढे डोळे लावून बसतात, ते हेच.

तरी उद्या सकाळीच बागेत नेऊ नका. आधी डॉक्टरांकडून बीपी आणि हृदय तपासून घ्या, किती चालायचं ते विचारा. २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी, झेपत असेल तर, किमान दहा मिनिटांचा मध्यम व्यायाम आठवड्यातून चारदा सांगितला आहे. एवढाच! चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. पायांत सपाता नकोत, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात. जोर लावताना श्वास कोंडू देऊ नका. टीव्हीसमोर बसले असतील तर दर अर्ध्या तासाने घरातच एक फेरी मारायला लावा. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या, चालणं त्यांच्या जागी नाही.

छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हात गळून पडला तर थोडं थांबून पाहू म्हणू नका, लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणखी एक. तुमच्या पत्रात तुमची भीती आहे, मुलाचं म्हणणं आहे, त्यांना स्वतःला काय वाटतं ते कुठेच नाही. त्यांना विचारा. प्रत्येक वेळी ‘बसा, पडाल’ ऐकलेल्या माणसाचा स्वतःच्या पायांवरचा भरवसा जातो, आणि तो परत यायला फार वेळ लागतो.

फिजिओला पुन्हा बोलवा, आठवड्यातून एकदा का होईना. त्या वेळी तुम्हीही शेजारी उभ्या राहा आणि त्यांच्या उजव्या बाजूने आधार कसा द्यायचा, तोल गेला तर कुठे धरायचं, हे हाताने करून शिकून घ्या.