फवारून गेले तरी झुरळं आहेतच की!

पाऊस लागल्यापासून आलेले बहुतेक प्रश्न किड्यांचेच आहेत, म्हणून ह्या वेळेला बाकीचं सगळं बाजूला ठेवलंय.

प्रश्न : अनगोळला फ्लॅटमध्ये राहतो, दुसरा मजला. किचनमध्ये बारकी बारकी झुरळं लई झालीत, मिक्सरच्या खाली, फ्रीजच्या मागं, परवा तर भिंतीवरच्या घड्याळातनं एक बाहेर आलं. माणूस बोलवून फवारणी करून घेतली, थोडे दिवस बरं गेलं आणि परत होतं तसंच. पुन्हा फवारायचं काय? घरात रांगतं बाळ आहे.

उत्तर : ताई, पुन्हा फवारू नका, पैसे जातील आणि झुरळं राहतील. तुम्ही सांगताय ती मोरीतनं येणारी मोठी लाल झुरळं नव्हेत, ही फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली जात वेगळी, हिला जर्मन झुरळ म्हणतात आणि ही गटारात नाही, तुमच्या किचनमध्येच संसार मांडून बसते. हिची मादी अंड्यांची डबी पोटाला चिकटवूनच फिरते, एका डबीत तीस-चाळीस पिल्लं, आणि त्या डबीच्या आत फवारा शिरत नाही. म्हणून वरची मरतात, तुम्हाला वाटतं झालं एकदाचं, आणि मग डब्या फुटतात. शिवाय बऱ्याच फवाऱ्यांचा वास त्यांना सहन होत नाही म्हणून ती पांगतात, किचनमधली हॉलमध्ये जातात. घड्याळातनं एक बाहेर आलं म्हणताय ना, तिथं गेली ती अशीच.

ह्यांच्यावर जेल चालतं. सिरिंजसारख्या ट्यूबमध्ये मिळतं, वरती फिप्रोनिल नाहीतर इमिडाक्लोप्रिड लिहिलेलं असतं बघा. मोहरीएवढा एकेक ठिपका द्यायचा, कपाटाच्या बिजागरीत, ड्रॉवरच्या आतल्या कोपऱ्यात, फ्रीजच्या मोटरच्या बाजूला, सिंकखाली पाईप भिंतीत जातो तिथं. एकाच जागी गोळा थापू नका, लहान ठिपके भरपूर जागी. झुरळ ते खातं, बिळात जाऊन मरतं, बाकीची त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग पण खातात आणि ती पण मरतात, म्हणजे जी तुम्हाला कधी दिसलीच नाहीत त्यांच्यापर्यंत औषध पोचतं. फक्त ठिपक्यांच्या आसपास फिनेल, हिट, काही मारायचं नाही, नाहीतर ती तिकडं फिरकणारच नाहीत. ठिपका वाळून कडक झाला की नवा द्या. बाळाचा हात पोचेल तिथं अजिबात नको, आणि झुरळं मारायचा तो पांढरा खडू पण विषच असतो, रांगत्या पोराच्या फरशीवर त्याच्या रेघा ओढू नका.

आणि जेल लावायच्या आधी एक काम करा जे कुणालाच करायचं नसतं, गॅसची शेगडी उचला. खाली तेलाचा जो चिकट थर असतो तो तसाच राहिला तर ती जेल कशाला खातील, ताट वाढून ठेवलंय की त्यांना! रात्री सिंक कोरडं पुसून झोपा, कारण झुरळ जेवणाशिवाय बरेच दिवस काढतं, पाण्याशिवाय नाही. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके घरात साठवू नका, बहुतेक वेळा ही त्यातनंच येतात. राहिला बिल्डिंगचा प्रश्न. पाईपचा डक्ट सगळ्यांचा एकच असतो, तुम्ही एकट्यांनी केलं तर शेजारची तुमच्याकडं येणार. सोसायटीच्या मिटिंगमध्ये पार्किंगवर दोन तास भांडतात, त्यातली दहा मिनिटं ह्याला द्यायला सांगा आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात जेल लावा.

प्रश्न : आम्ही खानापूर भागातले. वर्षाचा तांदूळ एकदम भरतो, इंद्रायणी आणि पाहुण्यांसाठी थोडा बासमती. गणपतीपर्यंत सोंडे होतातच. शेजारचे म्हणतात खताच्या दुकानातली गोळी फडक्यात बांधून पोत्यात ठेवा, एक पण किडा राहणार नाही. ठेवू काय?

उत्तर : नाही. काका, ह्याचं उत्तर बाकी सगळ्याच्या आधी वाचा. ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड, हवेतली ओल लागली की तिच्यातनं फॉस्फिन वायू सुटतो, आणि तुमच्याकडं पावसाळ्यात हवेत ओल सोडून दुसरं असतं काय? पोतं ठेवलेल्या खोलीत झोपलेली माणसं, विशेष करून लहान पोरं, ह्यानं गेलेली आहेत आणि त्या विषावर उतारा नाही. ही गोळी सरकारी गोदामं आणि लायसनवाले पेस्ट कंट्रोलवाले यांच्यासाठीच आहे, १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या तर २००१ सालीच बंद केल्यात. कुणी ठेवली असेल आणि खोलीत लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर दारं-खिडक्या उघडायची, सगळ्यांनी बाहेर यायचं, आणि कुणाला मळमळ, छातीत दडपण असलं तर थेट दवाखाना. पाऱ्याच्या गोळ्या पण नकोत, पारा खायच्या वस्तूत घालायचा नसतो.

आता सोंडे का होतात ते बघा. मादी आपल्या सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरनं बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खाऊन मोठी होते, साधारण महिन्याभरात नवा सोंडा बाहेर. म्हणून वहिनी कितीही वेळा सुपानं पाखडू देत, वरचे गेले तरी आतले आहेतच. बरेचदा ते गिरणीतनं किंवा जुन्या पोत्यातनं आलेले असतात, तुमच्या पिंपात जन्मलेले नसतात.

माझं मत विचाराल तर वर्षाचा तांदूळ करून ठेवूच नका. घरचं भात असेल तर भातच ठेवा, आणि लागेल तसं महिन्या-दोन महिन्याचं गिरणीतनं काढून आणा, टरफल असलं की सोंड्याला आत शिरणं जड जातं. धान्यातली बारीक पाखरं, म्हणजे पतंग, मात्र भाताला पण लागतात, तेव्हा पोतं झाकलेलं पाहिजे. आजोबा-पणजोबा कणगीत भात भरायचे ते काही उगीच नाही. तांदूळच भरायचा असला तर मे महिन्यातच भरा, दाणा दाताखाली कटकन वाजला पाहिजे, मऊ लागला तर अजून ओला आहे. तांदूळ कडक उन्हात नको, तुकडा पडतो, सावलीत पसरून वाळवा. घट्ट झाकणाचं पत्र्याचं पिंप, आतनं कोरडं पुसलेलं, जुन्या तांदळावर नवा ओतायचा नाही. कडुलिंबाचा पाला घाला पण वाळलेला, हिरवा पाला घालून लोक पिंपात ओल करून ठेवतात. पाच-सहा किलो बासमती असेल तर डीप फ्रीजरमध्ये चार-पाच दिवस ठेवून काढा, अंड्यासकट मरतात.

प्रश्न : निपाणीत आमचं जुनं घर आहे. पहिल्या पावसाला संध्याकाळी पंखवाल्या किड्यांचा लोंढा आला, सकाळी पंखांचा ढीग. ही वाळवी काय?

उत्तर : वाळवीच, पण घाबरायचं की नाही ते कुठनं आली त्यावर. बाहेरनं दिव्यावर आली असेल तर तासभर लाईट बंद करा, विषय संपला, ते पंखवाले लाकूड खात बसत नाहीत, जोडी शोधायला निघालेले असतात. पण चौकटीच्या फटीतनं, भिंतीतनं बाहेर पडताना दिसले असतील तर वारूळ घरातच किंवा घराखाली आहे. चौकटीला बोटानं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो काय. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर मधे थोडी मोडा आणि चार दिवसांनी बघा, परत बांधली असेल तर वाळवी चालू आहे. रॉकेल ओतून दिसते तेवढीच मरते. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडणारा माहितीचा माणूस बोलवा, आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली जळणाची लाकडं आजच हलवा.

प्रश्न : आईची ठेवणीतली शहापुरी साडी, घडीवर बारीक भोकं पडलीत. डांबरगोळ्या होत्या तरी! (वडगाव)

उत्तर : कसर लागली असणार. साडीला खळ होती काय? खळ म्हणजे कसरीचं खाणं, ठेवणीतली सुती साडी खळ काढून, पूर्ण वाळवूनच ठेवायची. जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळा, वर्षातनं दोनदा घडी बदला, कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर वीतभर पुढं ओढा. डांबरगोळ्या कमीच बऱ्या, आणि बाळाच्या कपड्यांत तर नकोतच, काही तान्ह्या बाळांचं त्यानं रक्त कमी होतं. पडलेली भोकं रफू करणाऱ्याला दाखवा, आणखी वाढायच्या आधी.