पुणे ते नागपूर बिऱ्हाड: पॅकर्सचे ७३ हजार की ओळखीचा टेम्पो?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबत जोडलेले कोटेशन दोन्ही नीट वाचले. यजमानांची बदली नागपूरला झाली आहे, तिथल्या भाड्याच्या घरात ते १ मेपासून राहू लागतील आणि कोथरूडचे दोन बेडरूमचे घर तुम्हाला ३१ मेपर्यंत रिकामे करायचे आहे. पॅकर्सनी सांगितलेली रक्कम अशी: पॅकिंग, चढउतार आणि वाहतूक मिळून ५२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९,३६० आणि ४ लाखांच्या सामानावर ३ टक्के दराने 'ट्रान्झिट इन्शुरन्स'चे १२,०००, एकूण ७३,३६०. यजमानांनी मांडलेला पर्याय असा, की ओळखीच्या माणसाची आयशर २८,०००, दोन्हीकडचे हमाल ७,०००, खोकी, बबल रॅप आणि चिकटपट्ट्या ६,००० आणि एसी काढणारा-बसवणारा व सुतार यांचे ७,००० धरून ४८,००० रुपयांत घर हलते. 'पंचवीस हजार वाचत असताना पॅकर्सची चैन करावी का?' असा तुमचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे, की पॅकर्स जरूर करावेत, परंतु हे कोटेशन आहे तसे स्वीकारू नये.

आधी ते पंचवीस हजार पाहू. यजमानांची कंपनी बदलीच्या खर्चापोटी ४०,००० रुपयांपर्यंत बिलावर भरपाई देते, असे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. खरे तर सगळा हिशेब त्या एका वाक्यावर फिरतो. टेम्पोमालक चिठ्ठीवर लिहून देतो आणि हमाल रोख घेतात, त्यामुळे त्या पर्यायात पक्के बिल मिळेल ते फार तर पॅकिंगच्या साहित्याचे. म्हणजे ४८,००० पैकी ६,००० परत आले, तर तुमच्या खिशातून ४२,००० गेले. पॅकर्सच्या ७३,३६० मधून ४०,००० परत आले, तर गेले ३३,३६०. जो पर्याय स्वस्त म्हणून घरात वाद चालू आहे, तो प्रत्यक्षात साडेआठ हजारांनी महाग आहे, आणि यात यजमानांच्या चार दिवसांच्या रजा व तुमची पाठ धरलेली नाही. बदलीच्या वेळी सामान हलवण्यासाठी कंपनीकडून मिळणारी अशी रक्कम, प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यापुरती, प्राप्तिकरातून मुक्त असते. त्यासाठी बिल यजमानांच्या नावाने असणे आणि ते जपून ठेवणे एवढे करावे. मात्र भरपाईत विम्याचा हप्ता बसतो का आणि बिलासोबत बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) लागते का, हे कंपनीच्या एचआर विभागाला आधी ईमेलवर विचारून घ्या, कारण तोंडी मिळालेला होकार लेखा विभागात टिकत नाही.

टेम्पोमालक 'हवे तर चाळीस हजारांचे बिल करून देतो' म्हणाला, हेही तुम्ही प्रामाणिकपणे कळवले आहे. त्या वाटेला जाऊ नका. खोट्या बिलावर घेतलेली रक्कम ही कंपनीची फसवणूक तर आहेच, शिवाय तिच्यावरची करमाफीही खोटी ठरते; अठरा वर्षांची नोकरी चाळीस हजारांसाठी पणाला लावण्यासारखी नाही.

आता कोटेशनकडे वळतो. पॅकर्सना आपण टेम्पोपेक्षा जास्त पैसे देतो ते केवळ खोक्यांचे आणि कष्टांचे नसतात. रस्त्यावरच्या सातशेएक किलोमीटरमध्ये सामानाला काही झाले, तर ती चिंता आपली राहू नये, याचे ते पैसे असतात. तुमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरात 'माल ओनर्स रिस्कवर', म्हणजे सामानाच्या मालकाच्या जोखमीवर, असे छापले आहे, आणि विम्याच्या ओळीत कोणत्याही विमा कंपनीचे नाव नाही. याचा अर्थ जोखमीचे पैसे तुम्ही भरणार आणि जोखीमही तुमच्याकडेच राहणार. हे १२,००० रुपये अनेकदा विम्याचे नसतातच. सामानाच्या मूल्यावर वाहतूकदाराने लावलेला तो स्वतःचा आकार असतो आणि दाव्याची वेळ आली, की पॉलिसी क्रमांक कोणालाच सापडत नाही. म्हणून त्यांना एवढेच सांगा, की विमा कंपनीने दिलेली, तुमचे किंवा यजमानांचे नाव, गाडीचा प्रवास आणि सामानाची यादी नमूद केलेली पॉलिसी गाडी भरण्यापूर्वी हाती द्यावी. ती देत नसतील, तर ते १२,००० रुपये कोटेशनमधून काढायला लावा आणि अशी पॉलिसी एखाद्या विमा कंपनीकडून किंवा तिच्या एजंटाकडून स्वतः घ्या.

विम्याची रक्कमही तपासावी लागेल. ४ लाख हा आकडा त्यांच्या माणसाने घरात फेरी मारून सांगितला आहे, तर तुमच्या यादीतला फ्रिज आठ वर्षांचा आणि वॉशिंग मशीन सहा वर्षांचे आहे. भरपाई साधारणतः वापरलेल्या वस्तूच्या आजच्या किमतीने होते, नव्याच्या नव्हे. तुमच्या यादीवरून मला हे सगळे अडीच लाखांच्या आसपास वाटते, तेव्हा ४ लाखांवर हप्ता भरण्यात अर्थ नाही. उलट टोकाला जाऊन हप्ता वाचवण्यासाठी ते सव्वा लाखाचे दाखवू नका, कारण निम्मे मूल्य दाखवले की भरपाईही त्याच प्रमाणात निम्मी होते: ३०,००० चे नुकसान झाले तर हाती १५,००० पडतील. विद्युत उपकरणांतला आतला बिघाड, रोकड, दागिने आणि कागदपत्रे यांना बहुतेक पॉलिसी संरक्षण देत नाहीत. दागिने व कागदपत्रे अर्थातच तुमच्या सोबत जातील.

यादीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. आमचे बिऱ्हाड नाशिकहून पुण्याला आले, तेव्हा पॅकर्सच्या यादीत 'स्वयंपाकघर – ६ खोकी' एवढीच नोंद होती. खोकी सहाच्या सहा पोहोचली. पाचवे खोके उघडले, तर स्टीलच्या डब्यांची झाकणे बबल रॅपमध्ये एकेक करून गुंडाळलेली आणि आईचा चिनी मातीचा लोणच्याचा बरणीसंच नुसत्या वर्तमानपत्रात. तीन बरण्यांचे तुकडे झालेले आणि मिक्सरचे मोठे भांडे मुळातच नाही. दावा करायला गेलो, तेव्हा मला शांतपणे विचारण्यात आले, की खोक्यात बरण्या आणि भांडे होते हे कुठे लिहिले आहे? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब करणाऱ्या माणसाला ते जरा जास्तच लागले. तेव्हा प्रत्येक खोक्याला क्रमांक घाला, आत काय आहे ते तुमच्या वहीत आणि त्यांच्या यादीत दोन्हीकडे लिहा, खोके बंद होण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा, आणि काचेच्या व चिनी मातीच्या वस्तू भरल्या जात असताना शेजारी उभ्या राहा.

कायदा या बाबतीत ग्राहकाला अगदीच उघड्यावर सोडत नाही. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार आणि त्याखालील २०११ च्या नियमांनुसार, जास्त मूल्य जाहीर करून वेगळा दर ठरवलेला नसेल, तर नोंदणीकृत वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि 'ओनर्स रिस्क'चा शिक्का मारला म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. अट एकच आहे, की नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. विमा कंपनीला कळवण्याची मुदत याहून पुष्कळ कमी असते, ती पॉलिसीत पाहावी. नागपूरला सामान उतरल्यावर पोहोच-पावतीवर सही करण्यापूर्वी मोडतोड तिथेच लिहून काढा. पुढे वेळ आलीच, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या ठिकाणी, म्हणजे नागपुरातही, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही.

पॅकर्सची रक्कम सामानाने गाडीत व्यापलेल्या जागेवर ठरते, त्यामुळे खरी बचत घासाघिशीत नसून यादी छाटण्यात आहे. नागपूरच्या घरात भिंतीतली कपाटे आहेत असे तुम्ही लिहिले आहे, मग कोथरूडची दोन प्लायवूडची कपाटे कशासाठी न्यायची? ती उघडताना-जोडताना खिळखिळी होतात आणि सतरा फुटी गाडीतली मोठी जागा अडवतात; चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार आहे. सागवानी पलंग मात्र न्या, कारण तसा पलंग नव्याने करायचा म्हटले तर वाहतुकीच्या कितीतरी पट खर्च येईल. सोफ्याबद्दल माझे मत मधले आहे: विकून सात-आठ हजार येतील, पण नवा वीस-पंचवीस हजारांखाली मिळणार नाही, तेव्हा फक्त गाडीत जागा व्हावी म्हणून तो काढू नका. कूलर इथून नेण्याचा विचार सोडून द्या. मे महिन्यात नागपूरला जाणाऱ्या माणसाला तिथे त्याहून चांगला कूलर मिळतो. एवढे केल्यावर चौदा फुटी गाडीचे सुधारित कोटेशन मागवा. ते समजा ४४,००० चे आले, तर जीएसटीसह ५१,९२० आणि २ लाख ३० हजारांवर त्याच दराने विमा ६,९०० धरून ५८,८२० होतात. कंपनीचे ४०,००० वजा जाता तुमचा खर्च १९,००० च्या आत राहतो.

त्या कोटेशनमध्ये 'ऑक्ट्रॉय' (जकात) आणि 'ई-वे बिल' (जीएसटीखालचे मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र) अशा दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या आहेत, त्यांवर आत्ताच काट मारून घ्या. जकात १ जुलै २०१७ पासून राज्यात उरलेली नाही आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही; कोऱ्या ओळी पुढे भरण्यासाठीच ठेवलेल्या असतात. जीएसटी क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणीकृत नाव दिसते. ते नाव, कोटेशनवरचे नाव आणि ज्या बँक खात्यावर पैसे मागितले आहेत त्याचे नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदलून धंदा करणारे पुष्कळ आहेत, आणि सामान गाडीत चढल्यावर रक्कम वाढवून मागणे हीच त्यांची कमाई असते. आगाऊ १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, गाडी भरल्यावर मोठा हिस्सा द्या आणि निदान १५ टक्के रक्कम नागपूरला सामान उतरेपर्यंत राखून ठेवा. हे कोटेशनवर लिहून घ्या. गाडी तुमच्या एकट्याच्या सामानाची आहे की इतरांच्या सामानासोबतची, हेही त्यात स्पष्ट हवे. दुसऱ्या प्रकारात भाडे कमी होते, पण सामान वाटेत एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाते आणि पोहोचण्याची तारीख कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

तारखेबाबत तुमच्या हाती एक सोय आहे, जी फार थोड्यांना मिळते. नागपूरचे भाडे १ मेपासून सुरू होणारच आहे आणि कोथरूडचे ३१ मेपर्यंत दिलेले आहे, म्हणजे मे महिन्यात केव्हाही सामान हलवले तरी एक रुपयाही जादा जात नाही. भाडेकरार महिनाअखेरीस संपत असल्याने सगळ्यांच्या गाड्या त्याच तीन-चार दिवसांत लागतात आणि दर चढतात. महिन्याच्या मध्यावरचा मंगळवार किंवा बुधवार मागा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात, तेव्हा मुलीच्या प्रवेशासाठीही घाई नाही.

राहिला पैशांच्या सोयीचा प्रश्न. पॅकर्सनी क्रेडिट कार्डावर हप्त्यांची सवलत देऊ केली आहे, ती घेऊ नका. आणीबाणीसाठी ठेवलेल्या १ लाख ८० हजारांतून हे ५८-५९ हजार द्या. कंपनीचे ४०,००० आणि कोथरूडच्या मालकांकडची ७५,००० अनामत जून-जुलैत परत आली, की त्यातून आधी ती जागा भरून काढा आणि मग नव्या घराच्या खरेदीकडे वळा.

सुधारित कोटेशन आणि विम्याच्या पॉलिसीचा मसुदा हाती आला, की आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोन्ही मला पाठवा.