जूनमधले तीन दिवस, गाडी नाही: लोआर नदीकाठच्या वाईनच्या भागात काय काय बघता येईल?

प्रश्न थोडक्यात असा: पॅरिसहून तीन दिवस काढून फ्रान्समधल्या लोआर नदीकाठच्या द्राक्षमळ्यांच्या भागात जायचं आहे. दोघंच आहात, गाडी चालवायची नाही, दोघांपैकी एक जण शाकाहारी. एखादा शातो (म्हणजे जुना किल्ला किंवा महाल), वाईनची तळघरं, सायकल आणि जमल्यास नाव, एवढं सगळं होईल का?

होईल. फक्त शाँबोर, शनोंसो, व्हिलाँद्री, आंब्वाज असं सगळं तीन दिवसांत कोंबू नका. नकाशावर ही ठिकाणं शेजारी-शेजारी दिसतात, पण गाडीशिवाय निम्मा दिवस स्टेशनवर जातो आणि तिसऱ्या शातोपर्यंत सगळे पलंग आणि पडदे सारखेच दिसू लागतात. तुम्ही सोम्यूर ते शिनों हा पट्टा घ्या. सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरच आहे, पण नदी, दगड आणि वाईन इथे जितकी एकमेकांना धरून आहेत, तितकी त्या खोऱ्यात दुसरीकडे क्वचितच दिसतील.

सुरुवात दगडापासूनच करतो, कारण बाकीचं सगळं त्यातून निघालं आहे. इथल्या दगडाला तुफो म्हणतात. हा पिवळसर पांढरा, मऊ चुनखडक. खाणीतून नुकताच काढलेला असेल तर करवतीने कापला जातो. एखाद्या जुन्या भिंतीवर बोट घासून बघा, पिठासारखी भुकटी लागते आणि तिरप्या उजेडात तिच्यात अभ्रकाचे बारीक कण चमकतात. शातो, चर्च, साधी घरंसुद्धा याच दगडाची. तो काढून काढून टेकड्यांच्या पोटात मैलोगणती बोगदे झाले. त्या बोगद्यांचं तापमान बारा महिने 12 अंशांच्या आसपास राहतं, म्हणून तिथे वाईन ठेवली जाऊ लागली आणि अळिंबी पिकू लागली. अळिंबीला घोड्याची लीद आणि पेंढा लागतो. सोम्यूरला घोडदळाची शाळा असल्याने लीदही तयारच होती.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने सें-पिएर-दे-कोर किंवा आंजे गाठा आणि तिथून प्रादेशिक गाडीने सोम्यूर. बदलण्यातला वेळ धरून दोन ते अडीच तास लागतात. सें-पिएर-दे-कोर हे तूर शहराचंच मुख्य मार्गावरचं स्टेशन आहे. नाव वेगळं बघून लोक गोंधळतात आणि तूरपर्यंतचं तिकीट शोधत बसतात. टीजीव्हीचं तिकीट जितकं उशिरा घ्याल तितकं महाग, प्रादेशिक गाडीला ती घाई नाही. सोम्यूरचं स्टेशन नदीच्या उत्तर काठावर आणि जुनं गाव दक्षिण काठावर आहे. मध्ये पूल आणि एक बेट लागतं. सामान जड असेल तर बस घ्या, पण चालत गेलात तर पुलावरून समोरचा शातो बघत जाता. पंधराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध चित्रित हस्तलिखितात सप्टेंबर महिन्याच्या पानावर याच शातोखाली द्राक्षतोडणी चाललेली दाखवली आहे.

पहिल्या दिवशी दुपारी सें-इलेर-सें-फ्लोराँला जा. गावाच्या मध्यापासून साधारण तीन किलोमीटर. फेसाळ वाईनची मोठी तळघरं तिथे ओळीने आहेत. एकच बघा, पण नीट बघा. तयार वाईनमध्ये यीस्ट आणि लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर घालून बाटली बंद करतात. यीस्ट बाटलीतच साखर खातं, वायू बाहेर पडायला जागा नसते आणि आतला दाब 6 बारच्या घरात जातो, म्हणजे चारचाकीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ तिप्पट. मग किमान नऊ महिने बाटल्या गाळासकट आडव्या पडून राहतात. पुढे त्या थोड्या-थोड्या फिरवत उलट्या करतात, गाळ मानेशी उतरतो, मान गोठवतात आणि झाकण काढलं की दाबानेच गाळाचा गोळा उडून जातो. मार्गदर्शकाला ही शेवटची पायरी दाखवायला सांगा. बाहेर 28 अंश असले तरी आत स्वेटर लागतो. घामाने भिजलेल्या टी-शर्टवर तासभर 12 अंशांत उभं राहणं त्रासाचं होतं.

याच बाजूला अळिंबीचं संग्रहालय आणि राष्ट्रीय अश्वारोहण शाळाही आहे. त्या शाळेतल्या 'काद्र न्वार' या पथकाची परंपरा ज्या फ्रेंच अश्वारोहणात येते, ते 2011 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. घोड्यांची आवड असेल तर प्रात्यक्षिकाची तारीख आधी बघून ठेवा, नसेल तर सोडून दिलंत तरी चालेल.

दुसरा दिवस सायकलचा. नेव्हेरजवळून अटलांटिकपर्यंत सुमारे 900 किलोमीटरचा 'लोआर आ व्हेलो' हा खुणा केलेला सायकलमार्ग इथूनच जातो. सोम्यूर ते काँद-सें-मार्तें 13-14 किलोमीटर, तिथून शिनों साधारण 20. फोंतव्रोचा मठ घेतलात तर जाऊन-येऊन आणखी दहा. सोम्यूरहून शिनोंकडे असंच जा, उलटं नको. वारा बहुतेक वेळा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि या दिशेने तो पाठीशी राहतो. एका गावात सायकल घेऊन दुसऱ्या गावात परत करायची सोय मिळते आणि पैसे भरून बॅगाही पुढच्या मुक्कामी पाठवता येतात. आरक्षण करतानाच दोन्ही विचारा. वाटेत नदीकाठ सोडून पठारावर चढावं लागतं. चढ पन्नासेक मीटरचा, पण काही ठिकाणी खडा. सायकलची सवय नसेल तर बॅटरीची सायकल घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

सायकल हातात आल्यावर आधी ब्रेक तपासा. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये तो बहुतेक सायकलींना डाव्या हाताला असतो. उतारावर सवयीने डावा ब्रेक जोरात दाबलात तर पुढचं चाक अडून माणूस हँडलवरून जातो. मोकळ्या जागेत पाच मिनिटं चालवून हाताला सवय लावा. वाहतूक उजवीकडून, चौकातलं वर्तुळ घड्याळाच्या उलट दिशेने. आणि रक्तातल्या दारूची 0.5 ग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.

सूझे-शाँपिन्यी गावात मार्ग चक्क टेकडीत कोरलेल्या गल्लीतून जातो. आत शिरताना गॉगल काढा, नाहीतर उन्हातून आल्यावर काही दिसत नाही. पुढे त्युर्काँ, मग मोंसोरो. मोंसोरोहून फोंतव्रो पाच किलोमीटर, चढ हलका. 1101 मध्ये स्थापन झालेला हा मठ 1804 पासून 1963 पर्यंत तुरुंग होता. चर्चमध्ये चार शाही समाधिमूर्ती आहेत. त्यांतली राणी एलेनॉर मरणशय्येवर उघडं पुस्तक धरून वाचते आहे. चारांपैकी तीन मूर्ती तुफोच्या आणि एक लाकडाची आहे. मठाला दीड-दोन तास द्या.

काँदला चर्चच्या मागून एक पायवाट वर चढते. तिथून व्हिएन नदी लोआरला मिळते तो संगम दिसतो. या पट्ट्यात थांबण्याची एकच जागा निवडायची झाली तर मी हीच निवडेन. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करू नका.

द्राक्षमळे तुम्हाला वाटेवरच लागतील. नाशिककडे वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, इथे सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये फुलोरा असतो, घड दिसणार नाहीत. पांढऱ्या वाईनची मुख्य जात शेनँ ब्लाँ, म्हणजे नाशिकला आपण चेनिन ब्लाँ म्हणतो तीच. तिचं माहेर हे खोरं. लाल वाईन काबेर्ने फ्राँची, तिला इथले लोक 'ब्रतों' म्हणतात. ओळीच्या टोकाला गुलाब लावलेले दिसले तर ते केवळ शोभेचे नाहीत. गुलाबाला भुरी (बुरशीचा रोग) आधी लागते आणि द्राक्षाआधी सावध होता येतं, असा जुना रिवाज. छोट्या उत्पादकाकडे चव घ्यायची तर आदल्या दिवशी फोन करा. बारा ते दोन बहुतेक जण बंद असतात, रविवारी दुपारीही. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काहीही गैर नाही. सायकलवर असाल तर वापराच. चव फुकट दिली असेल तर निदान एक बाटली घेणं रीतीला धरून आहे.

शाकाहारी जेवणाची सोय गुहांमधल्या खानावळींत चांगली होते. 'फुए' नावाचे छोटे गोल पाव मागा. लाकडाच्या भट्टीत ते फुलक्यासारखे टम्म फुगतात आणि गरम असतानाच चिरून आत पांढऱ्या घेवड्याची उसळ, अळिंबी किंवा बकरीच्या दुधाचं चीज भरतात. सोबत 'रिएत' येतं, ते डुकराचं मांस असतं. 'गालिपेत' म्हणजे भरलेली मोठी अळिंबी, पण सारणात मांस असू शकतं. 'साँ व्याँद, साँ प्वासों', म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं स्पष्ट सांगा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर मासा येऊ शकतो.

दुसऱ्या रात्री शिनोंला राहा. किल्ला कड्यावर आहे, गावातून वर जायला लिफ्ट आहे. 1429 मध्ये जोन ऑफ आर्क ही इंग्रजांशी लढलेली फ्रेंच तरुणी फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सला इथेच भेटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिनोंहून कनूने व्हिएनमधून काँदपर्यंत जा. चार-पाच तास धरा. परत आणायची गाडी भाड्याने नाव देणाऱ्यांकडेच असते. पोहता येणं आवश्यक आहे, अंगात जॅकेट हवं, पायात ओले झाले तरी चालतील असे बंद बूट, आणि फोन घट्ट झाकणाच्या पिंपात. निघा नऊ-दहाच्या सुमारास. दुपारी पश्चिमेचा वारा वाढतो, प्रवाहाविरुद्ध लाटा उठतात आणि शेवटचे दोन किलोमीटर हात दुखवतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी इतकं उतरतं की गोट्यांवरून नाव ओढावी लागते, जूनमध्ये सहसा तसं होत नाही.

लोआरमध्ये मात्र उतरू नका, पाणी गुडघाभर दिसलं तरी. प्रवाह वाळूच्या बेटाची कड खालून पोखरत असतो. वरून कोरडी, टणक दिसणारी वाळू पाय पडताच ढासळते आणि शेजारीच खोल डोह असतो. चांगले पोहणारेही यात बुडाले आहेत. शिवाय जूनमध्ये त्या बेटांवर सुरय पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतात. ती वाळूसारखीच दिसतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. नदी जवळून बघायचीच असेल तर सपाट बुडाच्या लाकडी 'तू' नावेतून संध्याकाळची फेरी घ्या. ती नावच उथळ पाण्यासाठी बनलेली आहे.

शिनोंहून तूरला प्रादेशिक गाडीने पाऊण तासाच्या आसपास लागतो. दिवसभरात गाड्या थोड्या असतात आणि काही वेळा गाडीऐवजी बस असते, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री बघा आणि सायकली शिनोंलाच परत करा. शनोंसो बघायचाच हट्ट असेल तर चौथा दिवस काढा. तूरहून अर्ध्या तासात तिथलं स्टेशन येतं, आणि ते शातोच्या दारातच आहे.

भारतात परतताना माणशी 2 लिटर दारू करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीत तर अडीचशे मिलिलिटर जास्त होतात. त्या चेक-इन बॅगेतच ठेवाव्या लागतात. फेसाळ वाईनची बाटली जाड काचेची आणि जड असते, म्हणून शिनोंची लाल घ्या, प्रत्येक बाटली वेगळ्या जीन्समध्ये गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको.