किडनी बसवल्यावर दर महिन्याला ईबीव्हीची तपासणी कशासाठी?

तुम्ही विचारलंय की पुतण्याला वहिनींची किडनी बसवून चार महिने झाले, पोरगा हसतोय-खेळतोय, तरी डॉक्टर दर महिन्याला ईबीव्हीची महागडी तपासणी लिहून देतात, ती टाळली तर चालेल का? कृपा करून टाळू नका. माझ्या लेकीच्या वेळी याच तपासणीने आम्हाला सावध केलं.

ईबीव्ही, म्हणजे एपस्टाइन-बार, तसा घरोघरचा विषाणू. लाळेतून पसरतो, दहातल्या नऊ मोठ्या माणसांत असतो आणि एकदा शिरला की जन्मभर रक्तातल्या बी पेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) दडून बसतो. विषाणूशी लढणाऱ्या टी पेशींचा पहारा असतो म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी जी औषधं देतात, ती नेमका हाच पहारा ढिला करतात. मग विषाणू शिरलेल्या बी पेशी बेसुमार वाढून गाठी होतात. डॉक्टर त्याला पीटीएलडी म्हणतात. वेळीच आवरलं नाही तर त्याचा लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर होऊ शकतो. पहिल्या वर्षात धोका जास्त, आणि ज्या मुलाला हा विषाणू आधी झालेलाच नाही त्याला सर्वांत जास्त, कारण मोठ्या माणसाच्या किडनीबरोबर तो आत येऊ शकतो. पुतण्याचा ऑपरेशनआधीचा ईबीव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता का, एवढं आजच विचारून घ्या.

माझ्या मुलीचा निगेटिव्ह होता. किडनी माझी. सातव्या महिन्यात रिपोर्टमधला रक्तातल्या विषाणूचा आकडा चढला आणि पंधरा दिवसांनी वेणी घालताना तिच्या मानेवरची गाठ माझ्या बोटांना लागली. बायोप्सीत पीटीएलडी निघालं. मी दिलेल्या किडनीतूनच हे आलं असेल, या विचाराने मला कित्येक रात्री झोप नव्हती. वहिनींच्या मनात असं काही आलं तर त्यांना एकटं सोडू नका.

पहारा ढिला झाल्याने वाढलेली गाठ तो परत कडक केल्यावर विरघळू शकते, हे अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे अवयव बसवणारे सर्जन डॉ. थॉमस स्टार्झल यांनी 1984 मध्येच दाखवलं होतं. आमच्याकडेही आधी औषधं कमी केली. तेवढ्याने भागलं नाही, मग आठवड्याला एक अशी रिटुक्सिमॅबची, म्हणजे बी पेशी मारणाऱ्या औषधाची, चार सलाइनं दिली. त्या काळात क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते सांगणारा, प्रत्येक रिपोर्ट मी हात जोडून उघडायची, कारण औषध कमी केलं की शरीर किडनी नाकारण्याची भीती असतेच. म्हणून घरी, स्वतःच्या मनाने एकही गोळी कमी करू नका.

आकडा वाढला म्हणजे कॅन्सर झालाच, असं नाही. पण न उतरणारा ताप, मान-काखेत गाठ, नव्याने सुरू झालेलं घोरणं, पोटदुखी, जुलाब, वजन घटणं यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, वेगवेगळ्या लॅबचे आकडे जुळत नाहीत. पैशांची अडचण असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन मोकळेपणाने सांगा, आम्हीही तेच केलं होतं.