नांगर आपल्याच होडीत टाकलास तर

"मावशी, माझं माहेर देवबागचं, कॅथलिक. सासर वेंगुर्ल्याचं, प्रोटेस्टंट. नवरा ट्रॉलरवर असतो. मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीत तीन दिवस सभा झाल्या. बाहेरून आलेले वक्ते म्हणाले, 'देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच आपली माणसं निवडली आहेत. आपण निवडलेले आहोत याची ज्याला खात्री नाही, तो त्यातला नाही असं समजा.' माझ्या जावेला तिच्या तारणाची तारीख-वेळसुद्धा सांगता येते. मला काहीच सांगता येत नाही. तेव्हापासून मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही. शुक्रवारी कडक उपास धरते, रोजच्या चुका वहीत लिहिते, रात्री झोप लागत नाही. मी निवडलेली नसेनच तर? आणि हे जावेला सांगू का?"
– एक वाचक, वेंगुर्ला

बाय,

त्या वक्त्यांचं पहिलं वाक्य शास्त्रातलं आहे, दुसरं त्यांच्या खिशातलं. तू दोन्ही एकाच पिशवीतून घरी आणलीस, तिथे घोळ झाला.

जगाच्या स्थापनेपूर्वी निवडल्याची गोष्ट बायबलमध्ये, प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. पौल तिथे कोणाची परीक्षा घेत नाही, तो देवाची स्तुती करतोय. मूळ ग्रीकमध्ये तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत एकच लांबलचक वाक्य आहे, माणूस आनंदाने थांबायचंच विसरला की बोलतो तसं. आता तेच पत्र चौथ्या अध्यायापर्यंत वाच. ज्यांना निवडलेले म्हटलं, त्यांनाच तो सांगतो: खोटं बोलणं सोडा, चोरी करणाऱ्याने यापुढे चोरी करू नये. म्हणजे निवडलेल्यांच्या त्या मंडळीत हात मारणारेही बसत होते! पौलाने त्यांना 'तुम्ही यादीत नाही' म्हटलं नाही, 'हातांनी कष्ट करा' म्हटलं. तुझ्या वहीत काय असेल ते मी न बघता सांगू? सासूवर चिडले, प्रार्थनेत डुलकी लागली. इफिसकर हसले असते गो.

दुसरं वाक्य तर तुझ्या सासरच्या परंपरेलाही मान्य नाही. वेंगुर्ल्यात दवाखाना चालवणारे अमेरिकन मिशनरी प्रेसबिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका पंथाचे होते. या प्रेसबिटेरियन लोकांचा विश्वास ज्यात मांडला आहे, तो मसुदा १६४६ साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला पाळक-पंडितांच्या सभेने तयार केला. देवाच्या निवडीबद्दल त्याच्याइतकं ठासून फार थोड्यांनी लिहिलंय. पण त्याचा अठरावा अध्याय फक्त खात्रीबद्दल आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळायला फार वाट बघावी लागू शकते, बऱ्याच अडचणींशी झगडावं लागू शकतं, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. वक्त्यांनी निवडीचा अध्याय वाचला असावा, अठराव्यापर्यंत पोचायच्या आधी गाडीची वेळ झाली असावी.

माहेरचं म्हणशील, तर कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ सालीच सांगितलंय की देवाने खास प्रकट केल्याशिवाय, आपण निवडलेल्यांत नक्की आहोत असं कोणी छातीठोकपणे म्हणू नये. मात्र त्याच सभेने हेही म्हटलं की पहिलं पाऊल देवाच्या कृपेचं, माणसाच्या पुण्याईचं नाही. खात्री किती असावी यावर तुझी दोन्ही घरं भांडतील, भांडू देत. सुरुवात देवाकडून होते यावर दोघांचं एकमत आहे, आणि तुला आत्ता तेवढंच पुरेसं आहे.

तारीख-वेळेचं म्हणतेस, तर पंडिता रमाबाईंकडे बघ. बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं झिजवलेली बाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मन निवलं. मधल्या काळात देवाने त्यांना सोडलं होतं असं तुझी जाऊसुद्धा म्हणणार नाही. माझं विचारशील तर माझ्याकडेही तारीख नाही. तान्ही असताना बाप्तिस्मा झाला, आणि मी म्हणे पाळकांच्या झग्यावर ओकले.

आता तुझ्या नवऱ्याच्या भाषेत बोलते. दर्यात वारा सुटला की तो नांगर कुठे टाकतो? पाण्याखाली, जिथे त्याला दिसत नाही तिथे. भीती वाटली म्हणून कोणी नांगर आपल्याच होडीत टाकून त्यावर हात ठेवून बसत नाही. तू मे महिन्यापासून तेच करतेयस. मला शांती वाटते का, मला पुरेसं रडू आलं का, आज वहीत चुका कमी आहेत का – हे सगळं होडीच्या आतलं. इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, आणि तो पडद्याच्या आत, म्हणजे देवाच्या परमपवित्र जागेत, ख्रिस्त जिथे गेला तिथे रुतलेला आहे. तुझ्या छातीत नव्हे. निवडीचा सिद्धांत ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या कॅल्विननेही हेच लिहिलं: आपली निवड स्वतःत शोधू नका, ख्रिस्त हाच तिचा आरसा आहे. आणि तो आरसा काय म्हणतो? जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही. योहान, सहावा अध्याय. यात आधी यादी तपासायची अट मला तरी कुठे दिसली नाही.

उपासाबद्दल. कृपा म्हणजे फुकट, आणि आपल्या कोकणी माणसाला फुकट घ्यायला फार जड जातं. शेजारणीने वाटीभर सुकटीची चटणी दिली, तर आपण वाटी रिकामी परत करत नाही, चार कोकमं तरी घालतो. तुझे शुक्रवार ती कोकमं आहेत. देवाला ती वाटी भरून परत नकोय. तूर्त उपास बंद. सासू "पयलां जेव गो" म्हणत असेल, तर तिचं ऐक. वही फाडू नकोस, पण पुढची पानं पोरांच्या गणितासाठी दे.

झोप मात्र मी शास्त्राच्या खात्यात टाकणार नाही. इतके दिवस नीट झोप नसेल तर डॉक्टरांकडे जा. थकलेल्या डोक्याला रात्री तीन वाजता सगळंच शापासारखं वाटतं. डॉक्टरांकडे गेल्याने विश्वास कमी पडत नाही.

प्रभुभोजन घे. पुढच्याच वेळी. ते पास झालेल्यांचं बक्षीस नाही, भुकेल्यांचं जेवण आहे. मन घट्ट झाल्यावर जाईन म्हणशील तर जेवल्यावर भूक लागेल म्हणण्यासारखं होईल. आधी तुमच्या नेहमीच्या पाळकांना गाठ, सभेला आलेल्या पाहुण्यांना नव्हे. मे महिन्यापासून तुझी जागा रिकामी जाते हे त्यांच्या लक्षात आलं असणारच.

जावेला सांग. पण साक्ष दिल्यासारखं समोर बसून नको. मासळी साफ करताना, दोघींचे हात गुंतलेले असताना सांग. तिच्याकडे तारीख आहे, ठीक. त्या तारखेनंतरच्या रात्री तिच्या कशा गेल्या, तेवढं विचार.

तुझी,
मावशी